आमचे फॅमिली डॉक्टर: अण्णांचं शेवटचं आजारपण आणि त्यानंतरचं वर्ष

दवाखान्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोक गर्दी किती, फी किती, औषध लागू पडलं का, एवढंच लिहितात. तेही मी सांगेन. पण आमच्या डॉक्टरांनी जे काम केलं त्याची चर्चा सहसा होतच नाही, म्हणून आधी त्याबद्दल. माझे सासरे, अण्णा, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. घरी, स्वतःच्या पलंगावर, कण्हत-कुंथत न राहता गेले. एरवी आम्ही ज्यांच्याकडे सर्दी-खोकल्याला जातो, त्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांमुळे हे जमलं. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे नाव नाही. तरी लिहितेय, कारण फॅमिली डॉक्टरकडे असं काही मागता येतं हेच कितीतरी घरांना माहीत नसतं.

आम्ही पुण्याचे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. माझं पोळीभाजी केंद्र आहे. अण्णा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आधी कावीळ दिसली, अंगाला खाज सुटली, मग पोटातून थेट पाठीत जाणारी कळ. पित्तनलिकेत स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरली, पण गाठ यकृतापर्यंत पोचल्याचं तपासणीत निघालं. एका मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला लिफ्टच्या बाहेर उभं करून सांगितलं, ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.’ हातात फाईल आणि गोळ्यांची एक चिठ्ठी. घरी नेऊन काय करायचं, दुखलं तर कोणाला फोन करायचा, एक अक्षर नाही.

त्याच संध्याकाळी माझे मिस्टर फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून वाचली आणि विचारलं, ‘अण्णा झोपतात कसे?’ हे म्हणाले, आडवं झालं की दुखतं, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात आणि तसेच डुलक्या घेतात. ‘मग आधी झोपेचं बघू. उद्या दुपारी घरी येतो.’ त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा कोणालातरी उद्या काय होणार हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आल्यावर ते थेट खोलीत गेले नाहीत, आधी स्वयंपाकघरात आले. माझे दीर बंगळुरूला असतात. ‘अण्णांना काही सांगायचं नाही,’ असं त्यांनी फोनवर बजावलं होतं आणि आम्ही सगळे ते पाळत होतो. डॉक्टर म्हणाले, ‘मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. चालेल?’ सासूबाईंनी मान हलवली. मग ते अण्णांच्या पलंगावर बसले, पोट तपासलं, आणि विचारलं, ‘अण्णा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’

अण्णा म्हणाले, ‘वर्कशॉपात गाडी भंगारात काढायची असली की साहेब लोक तिच्याभोवती असेच गप्प फिरायचे.’

डॉक्टरांनी घाईने समजूत काढली नाही. थोडा वेळ त्यांचा हात धरून बसले. अण्णांनीच विचारलं, ‘किती?’ तेव्हा म्हणाले, ‘महिन्यांचं बोलू नये. आठवड्यांचं बोलावं.’ खोलीत कोणी काही बोललं नाही, पण अण्णांचा चेहरा सैल झाला. नंतर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. बँकेची कागदपत्रं सासूबाईंना समजावून द्यायची, सासवडच्या बहिणीला बोलवायचं, आणि पुन्हा हॉस्पिटलात न्यायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत. डॉक्टरांनी ते आपल्या लेटरहेडवर लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि अण्णांची सही घेतली. हा कागद कायद्याच्या भाषेतलं वैद्यकीय इच्छापत्र नव्हे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असले की काम होतं, आधीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. तुम्हाला हवं असेल तर तेही करू, म्हणाले. अण्णांना ती दगदग नको होती. घरच्यांनी एकमताने तो कागद मानला तरी पुरे, असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि एकमत व्हावं म्हणून पुढे त्यांनीच खटपट केली.

आता दुखण्याबद्दल. हॉस्पिटलच्या गोळ्या दोन-तीन तासांत उतरायच्या. डॉक्टर म्हणाले, मॉर्फिन लागेल. ते माझ्याकडे नाही आणि मी ते देऊही शकत नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, त्यामुळे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली ते मिळणं वर्षानुवर्षं फार अवघड होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता घेतलेल्या संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मात्र मिळत नाही. डॉक्टरांनी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. कॅन्सरच्या पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारं हे सेंटर १९९७ पासून चालू आहे आणि तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. इतकी वर्षं हायवेवरून जाता-येता आम्हाला त्याचा पत्ता नव्हता! चिठ्ठीत त्यांनी अण्णांचं वजन, बाकीची औषधं, किडनीचे रिपोर्ट, घरात कोण कोण आहे, रात्री कोण जागं असतं, सगळं लिहिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या सुरू केल्या. पुढे डोस वाढवायचा का, हे ते दोघं डॉक्टर फोनवर बोलून ठरवायचे. आम्हाला इकडून तिकडे निरोप पोचवत बसावं लागलं नाही.

माझ्या मनात भीती होती की याची सवय लागते, माणूस गुंगीत पडतो. डॉक्टर म्हणाले, दुखण्यासाठी, मोजून, वेळेवर दिलं तर व्यसनाची काळजी करू नका, पोटाची करा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होणारच, म्हणून जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला मळमळेल, झोप येईल, चार दिवसांत सरावेल. वेळापत्रक ठरलं सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीची दुप्पट, म्हणजे पहाटे २ ला उठवायला नको. मध्येच कळ आली तर जादा गोळी कधी, किती, तेही लिहून. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं, यावर त्यांचा फार भर. तो कागद मी डब्यांच्या यादीशेजारी फ्रिजवर चिकटवला. तिसऱ्या रात्री अण्णा उशी बाजूला ठेवून कुशीवर झोपले. सासूबाईंनी मला उठवून दाखवलं.

खाण्याचं माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. रोज मी किती घरांना जेवू घालते आणि माझ्याच घरातला माणूस दोन घासांवर ताट सारतो. मी शिरा, पेज, वरण-भात, मऊ खिचडी, सगळं करून बघत होते. सासूबाई चमचा घेऊन मागे लागायच्या, अण्णा चिडायचे, मग दोघंही रडवेली. डॉक्टरांनी त्या दिवशी टॉर्च लावून अण्णांचं तोंड बघितलं. जिभेवर पांढरा थर होता. बुरशी, म्हणाले. तोंडात लावायचं औषध दिलं. जेवणासोबत घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या, कारण स्वादुपिंड ते काम करत नव्हतं आणि तेलकट जुलाब होत होते. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘वहिनी, भूक आजाराने गेलीय, तुमच्या हाताची चव गेलेली नाही. ताट वाढूच नका. वाटी वाढा, तीही त्यांनी मागितली तर.’ चार दिवसांनी अण्णांनी आमसुलाचं सार मागितलं. तीन चमचे घेतलं, चव आली म्हणाले. पुढे कोकम सरबताचे बर्फाचे छोटे खडे करून ठेवायला लागले, तेवढे ते शेवटपर्यंत चघळायचे. सासूबाईंचा चमचा थांबला आणि त्या पलंगाशेजारी नुसत्या बसायला लागल्या. तोवर दोघांना शांतपणे बोलायला वेळच मिळाला नव्हता.

शेवटी शेवटी अण्णा दिवसभर झोपायला लागले तेव्हा दीर आणि वन्स दोघंही हवालदिल झाले. सलाइन तरी लावा, उपाशी कसं ठेवता, असं रोज फोनवर. खरं सांगायचं तर अशा वेळी जवळ राहून करणाऱ्यावरच बोट येतं, आणि मी सून. डॉक्टरांनी दवाखाना बंद केल्यावर व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. दिरांना बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. मग समजावलं की शरीर आता पाणी वापरत नाही. सलाइनचं पाणी पायात आणि छातीत साठेल, घरघर वाढेल, दम लागेल. तोंड कोरडं पडतं त्याला ओला कापूस आणि ओठांना व्हॅसलिन जास्त उपयोगी. शेवटी विचारलं, ‘तुम्ही कधी येताय? अण्णांनी तुमचं नाव काढलंय.’ दीर तिसऱ्या दिवशी आले. अण्णांनी त्यांना ओळखलं, दोघांचं बोलणं झालं. सलाइनचा विषय पुन्हा निघाला नाही. एवढं एक काम दुसऱ्या कोणाकडून झालं नसतं. डॉक्टरांनी दिरांना लहानपणापासून पाहिलेलं, त्यांचं ऐकणं दिरांना जड गेलं नाही.

पुढे काय काय होईल हे डॉक्टरांनी आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं. हातपाय गार पडतील, त्वचेवर जांभळट डाग दिसतील. श्वास मध्येच थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढी त्यांना जाणवत नसते, कुशीवर वळवा. गोळी गिळता येईना झाली तर मला कळवा, कातडीखालून इंजेक्शनची सोय वारज्याशी बोलून ठेवलीय. आणि १०८ ला फोन करायचा की नाही हे आत्ताच ठरवा, कारण घाबरून केलात तर ते लोक त्यांचं काम करणार, छाती दाबणार, हॉस्पिटलात नेणार, त्यात त्यांची चूक नाही. आम्ही ठरवलं, नाही. पहाटे अण्णांचा श्वास थांबला तेव्हा घरात रडारड झाली, पण पळापळ झाली नाही. यांनी डॉक्टरांना फोन केला. उजाडायच्या आत ते आले.

त्यांनी नाडी, डोळे, छाती बघितली, वेळ लिहिली आणि अण्णांच्या पांघरुणाची घडी नीट केली. मग टेबलाशी बसून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र भरलं. घरी मृत्यू झाला तर त्यासाठी ४अ नमुन्याचा फॉर्म असतो. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने हे प्रमाणपत्र फी न घेता द्यायचं, असं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या ओळखीच्या एका घरात घरीच माणूस गेल्यावर सही करायला कोणी डॉक्टर मिळेना, कारण कोणीच तो पेशंट आधी पाहिलेला नव्हता. सकाळपासून दुपारपर्यंत ते लोक फिरत होते, नातेवाईक दारात बसून. आमचं वैकुंठ स्मशानभूमीतलं काम त्या कागदावर सरळ झालं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, हेही डॉक्टरांनी यांना जाताना आठवणीने सांगितलं.

इथपर्यंत करणारे डॉक्टर आणखीही असतील. मला खरं कौतुक आहे ते पुढच्याचं.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि दोन दिवसांनी डॉक्टर संध्याकाळी घरी आले. न बोलावता. चहा घेतला. सासूबाईंशी अण्णांच्या वर्कशॉपच्या गोष्टी काढल्या, मग बॅग उघडून त्यांचं बीपी बघितलं. बरंच वर गेलं होतं. अण्णांच्या आजारपणात त्यांनी स्वतःची गोळी बंद केली होती आणि आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची गोळी त्या रोज घेत होत्या. ती डॉक्टरांनी एकदम तोडली नाही, आठवड्याआठवड्याने कमी करत आणली. ‘काकू, झोप उडणारच. पन्नास वर्षं शेजारी माणूस होतं,’ एवढंच म्हणाले.

सासूबाईंच्या मनात एक सल होता, तो त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितला नव्हता. डॉक्टरांना विचारलं, ‘मी शेवटी पेज पाजायला हवी होती का? उपाशी गेले का हो?’ डॉक्टरांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं, जिभेचा थर, सार, बर्फाचे खडे, सगळं, जणू पहिल्यांदाच सांगतायत. पुढच्या महिन्यात त्यांनी तेच विचारलं, डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं, तितक्याच सावकाश. रात्री अण्णांची खोकल्याची उबळ ऐकू येते, असंही त्या म्हणाल्या. आम्ही घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले, येते, बऱ्याच जणांना येते, वेड नाही ते. लक्ष कशाकडे ठेवायचं तेही सांगितलं. जेवण, अंघोळ, देवपूजा, शेजारी जाणं हळूहळू परत येतंय का. सहा महिने उलटूनही रोजची कामं अडलेली असतील, जगण्यात काही राम नाही असं बोलायला लागल्या, तर मला सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे आपण जाऊ. तशी वेळ आली नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या बीपी दाखवायला जातात, शेवटचा नंबर घेतात, म्हणजे बोलायला वेळ मिळतो. ही व्यवस्था डॉक्टरांनीच लावून दिली.

आणि माझा मुलगा, चौथीतला. अण्णा गेल्यावर महिन्याभराने रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायला लागला. मला वाटलं शाळेचा कंटाळा. डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवून पोट चारही बाजूंनी दाबून बघितलं, मोठ्या माणसाचं बघतात तसं. मग स्टेथोस्कोप त्याच्याच कानाला लावला आणि पोटातला गुडगुड आवाज ऐकवला. ‘हा चांगल्या पोटाचा आवाज. अण्णांचा आजार वेगळा होता. तो असा कोणाकडून कोणाला येत नाही. जवळ झोपलास तरी नाही, त्यांच्या ताटातलं खाल्लंस तरी नाही.’ तो पोरगा इतकं रडला! शेवटच्या दिवसांत तो अण्णांच्या कुशीत झोपायचा आणि त्यांनी उरवलेला शिरा खायचा, हे त्याने डॉक्टरांनाच सांगितलं होतं, मी बाहेर चप्पल काढत असताना. पोटदुखी एकदम थांबली नाही, पण कमी होत गेली.

आता बाकीचं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. सोमवारी संध्याकाळी दीड-दोन तास मोडतात. दुपारी १ ते ४ फोन उचलत नाहीत, फक्त घरी असा पेशंट असलेल्यांना वेगळा नंबर देतात. तपासणीचे २००, घरी यायचे ५००, रात्री आले तरी तेवढेच. मे महिन्यात पंधरा दिवस दवाखाना बंद असतो. ताकदीचं इंजेक्शन, सलाइन मागितलं तर स्पष्ट नाही म्हणतात, त्यामुळे काही लोक नाराज होऊन दुसरीकडे गेलेत. श्वासाचा अचानक त्रास, मोठा रक्तस्राव यासाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नका, ते स्वतःच तसं सांगतात. आणि वारज्यासारखं सेंटर ज्या गावाजवळ नाही तिथे एकट्या फॅमिली डॉक्टरला दुखण्याच्या बाबतीत हात बांधूनच काम करावं लागत असेल, हे मला पुन्हा पुन्हा वाटतं. मॉर्फिन नसतं तर अण्णांच्या त्या दिवसांचं काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर तुमच्या डॉक्टरांना सगळे धडधाकट असतानाच विचारून ठेवा की घरी याल का, आणि वेळ आली तर प्रमाणपत्रावर सही कराल का. विचारायला अवघड वाटतं. मी माझ्या आईच्या डॉक्टरांना वाईला जाऊन विचारून आले, त्यांना राग आला नाही.

आमचे डॉक्टर आता सत्तरीकडे झुकलेत, मुलगा इंजिनियर. त्यांच्यानंतर कोण, ही काळजी आमच्या गल्लीत सगळ्यांनाच आहे. गेल्या काही महिन्यांपासून घरच्या व्हिजिटला ते एका तरुण डॉक्टरबाईंना सोबत नेतात. एका मंगळवारी सासूबाईंना त्यांनीच तपासलं. बोलतात जरा भरभर, पण बीपीच्या गोळीने पायाला सूज आलीय का हे घोट्यावर बोट दाबून बघितलं, आणि झोपेचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पण यांनाच दाखवेन, बघू या.